पोस्ट कुठून आणायची?

 

केंद्राच्या पानावर रोज सकाळी काहीतरी टाकायचं, ही सेवा आम्हा चार-पाच जणींकडे आहे. एकादशी, पाडवा, गुरुपौर्णिमा यांचं सोपं असतं. अडचण येते ती साध्या मंगळवार-बुधवारची. मग घरातलंच कुणी म्हणतं, "आई, नेटवरून घे ना, भरपूर पडलंय." भरपूर पडलंय हे खरं. पण कुणाचं, हे विचारायला नको का?

सूर्योदयाचं चित्र, त्यावर दोन ओळी, खाली "संत तुकाराम". भाषा मात्र आजच्या वर्तमानपत्राची! गाथेत शोधायला बसलं तर त्या ओळी सापडत नाहीत. मुलं म्हणतात, "विचार चांगला आहे ना, मग नाव कुणाचं का असेना." विचार चांगला असेल तर तो स्वतःच्या पायावर उभा राहील की. तुकोबांचं नाव लावायचं ते लोकांनी न तपासता हात जोडावेत म्हणून. म्हणजे समोरच्याच्या श्रद्धेचाच आपण वापर करतो. आम्हाला ते साध्या खोट्यापेक्षा जड वाटतं.

यावर आमच्यातल्याच एकीनं चांगला मुद्दा काढला. पूर्वीही लोक "तुका म्हणे" लावून अभंग रचतच होते, ते भक्तीनंच ना? असेल. पण त्यामुळेच तर अमुक अभंग तुकोबांचा की नाही, यावर अभ्यासकांना आजही डोकं खपवावं लागतं.

इथे आम्हाला नाथ महाराज आठवतात. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. पुढे तीनेकशे वर्षांत नकला होता होता तिच्यात पाठभेद शिरले. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. एकनाथी भागवत लिहिणाऱ्या माणसाला चार ओव्या रचून घालणं काय अवघड होतं? त्यांनी स्वतःची भर तर घातली नाहीच, उलट पुढच्यांनीही घालू नये म्हणून बजावून ठेवलं. स्वतःच्या अभंगांत मात्र "एका जनार्दनी" अशी सही केली. आपल्या शब्दांना गुरूंचं नाव जोडलं, पण आपले शब्द गुरूंच्या तोंडी घातले नाहीत. फरक बारीक आहे, पण आमचं सगळं काम त्या फरकावरच चालतं.

व्हॉट्सॲपवर "अनेकदा फॉरवर्ड केलेले" असं येतं, ते किती हातांतून आलं एवढंच सांगतं. एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो, तरी तो फिरायचा थांबला आहे का?

म्हणून आता स्वतःचं लिहायचं, त्याखाली "सेविका मंडळ" घालायचं. संतवचन घेतलं तर छापील पुस्तक उघडून ओळ जुळवायची. लाइक कमी येतात. येऊ देत.

फोटोंचंही तसंच. अन्नदानाच्या रांगेत ताट पुढे करणाऱ्या बाईचा चेहरा टाकला की पोस्ट लांबवर जाते, परगावचे देणगीदारही खूश होतात. त्यांना आपला पैसा कुठे गेला हे कळायलाच हवं. पण त्यासाठी तांदळाच्या गोण्या, भाजी चिरणारे हात आणि महिन्याचा हिशेब पुरतो. त्या बाईनं जेवण घेतलं, जाहिरातीत यायला होकार दिलेला नाही. आणि भुकेल्या माणसाला आधी विचारलं, तरी तो नाही कसा म्हणेल?

एक गोष्ट मात्र अजून सुटत नाही. काही तरुण सेवेकरी म्हणतात, गुरुमाऊलींच्या जुन्या प्रवचनांच्या कॅसेट खरखरतात, तर एआयनं तोच आवाज स्वच्छ तयार करून तेच शब्द ऐकवू. शब्द त्यांचेच, एकही बदललेला नाही. तरी आमच्यातल्या दोघींना ते ऐकवेना आणि एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. रविवारच्या सत्संगानंतर यावर बोलायचं आहे. ज्यांना येणं जमणार नाही त्यांनी आपलं मत सेवा ग्रुपवर जरूर कळवावं.