विक्रमी शिंगे आणि त्यांचे साक्षीदार

जुन्या वाड्यांच्या दिवाणखान्यांत किंवा डोंगरी मुलखातील सरकारी विश्रामगृहांच्या पडव्यांत भिंतीवर टांगलेली सांबराची शिंगे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना हा अनुभव आलाच असेल, की शिंगे कितीही लांब असोत, त्यांच्याविषयी सांगितली जाणारी हकिगत त्यांहूनही लांब असते. जनावर पेठच्या जंगलात पडले की सुरगाण्याच्या, बार किती वारांवरून टाकला, आणि 'एवढे डोके या जिल्ह्यात पुन्हा कोणाच्या हाती लागले नाही' हे विधान कोणत्या आधारावर केले जाते, याची विचारणा करण्याची आपल्याकडे रीत नाही. कारण यजमानाच्या घरी बसून यजमानाच्या शब्दावर शंका घेणे असभ्य मानले जाते. या लेखाचे प्रतिपादन असे, की अशी शंका घेणे असभ्य तर नाहीच, उलट शिकारीच्या साऱ्या परंपरेने जर टिकाऊ असे काही निर्माण केले असेल, तर ते या शंकेतूनच निर्माण झाले आहे.

वरवर पाहता शिंग मोजण्याइतके सोपे काम दुसरे नसावे. परंतु फीत हाती घेतली, की सोपेपणा संपतो. सांबराचे शिंग दरवर्षी गळून नवे येते. ते मुळाशी असलेल्या कंगोऱ्यापासून बाहेरच्या वळणावरून टोकापर्यंत मोजायचे, ही एक रीत. काळविटाचे शिंग गळत नाही आणि ते पिळदार असते. त्याचे माप बुडापासून टोकापर्यंत सरळ रेषेत घेतले तर एक येते, पिळावरून फीत फिरवीत नेली तर बरेच अधिक भरते. वाघाच्या बाबतीत तर इंग्रजी अमदानीत या प्रश्नावर शिकाऱ्यांत पक्षच पडले होते : मृत वाघाच्या नाकाशी आणि शेपटाच्या टोकाशी खुंट्या ठोकून त्यांतील अंतर मोजावे, असे एकाचे म्हणणे, तर अंगाच्या चढउतारावरून फीत न्यावी, असे दुसऱ्याचे; आणि या दोन मापांत काही इंचांचा फरक सहज पडत असे. संस्थानांत पाहुणे म्हणून आलेल्या व्हाइसरॉयांचे वाघ मोजण्यासाठी अकरा इंचांचा फूट असलेली खास फीत ठेवलेली असते, अशी कुजबूज त्या काळी होती. ती खरी असो वा नसो, मापाविषयीचा अविश्वास किती खोल रुजला होता, हे तिच्यावरून दिसते.

या अविश्वासालाच शिस्त लावण्याचा पहिला मोठा प्रयत्न लंडनच्या रोलंड वॉर्ड या पेंढा भरणाऱ्या पेढीने १८९२ साली केला. जगभरच्या मोठ्या जनावरांच्या शिंगांची मापे तिने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली आणि त्या नोंदवहीत जागा मिळावी म्हणून हिंदुस्थानातील लष्करी अंमलदार, जंगलखात्याचे अधिकारी आणि संस्थानिक यांच्यात चढाओढ लागली. त्या नोंदवहीतील एक बारकावा मला फार अर्थपूर्ण वाटतो. ज्या शिंगांचे माप पेढीने स्वतः घेतलेले नसून मालकाने कळविले होते, त्यांच्या नोंदीवर तसा स्पष्ट निर्देश असे. मालकावर खोटेपणाचा आरोप नाही. पण मोजणारा आणि मिरवणारा एकच आहे, एवढे वाचकाला कळावे, इतकाच त्याचा हेतू.

अमेरिकेत हीच शिस्त अधिक कठोर झाली. थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने १८८७ साली स्थापन झालेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने १९५० साली जी गुणपद्धती रूढ केली, तिच्यानुसार शिंगे साठ दिवस वाळल्याखेरीज अधिकृत माप घेतले जात नाही, माप इंचाच्या अष्टमांशापर्यंत नोंदले जाते, आणि कवटी दुभंगलेली असेल तर दावा बाद होतो. कारण दुभंगलेली कवटी सांधताना दोन शिंगांमधील अंतर हवे तसे वाढविता येते. या नियमांची किंमत दोन प्रकरणांवरून समजते. विस्कॉन्सिनमध्ये १९१४ साली जेम्स जॉर्डन नावाच्या तरुणाने एक प्रचंड पांढरशेपटी हरिण मारले आणि डोके पेंढा भरायला दिले. पेंढा भरणारा गाव सोडून गेला, डोके नाहीसे झाले, आणि पुढे ते एका जुन्या बाजारातून तिसऱ्याच माणसाच्या हाती लागले. ते आपलेच, हा जॉर्डनचा दावा मान्य व्हायला १९७८ साल उजाडले, आणि तोवर तो मरण पावला होता. दुसरे प्रकरण याच्या उलट. कॅनडातील सस्कॅचवानमध्ये १९९३ साली मारलेल्या हरणाचे २१३ ५/८ गुण हा मान्य उच्चांक असताना, १९९८ साली मिशिगनमधील एका शिकाऱ्याने २१६ ५/८ गुणांचे डोके मिळाल्याचे जाहीर केले. छायाचित्रे देशभर फिरली, वाद माजला, पण ते डोके त्याने क्लबपुढे मांडलेच नाही. पहिल्याजवळ सत्य होते आणि कागद नव्हता. दुसऱ्याजवळ छायाचित्र होते आणि परीक्षेची तयारी नव्हती. पहिल्यावर परीक्षेने अन्याय केला असे म्हणता येईल, पण त्याला अखेर न्याय मिळाला तोही परीक्षेनेच.

आपल्याकडे मात्र दाव्याचे वजन दावा करणाराच्या दर्जावरून ठरत आले. जहांगीर बादशहाने वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंतच्या शिकारीचा हिशेब वाकेनवीस आणि शिकारखान्याचे मुश्रीफ यांच्याकडून करवून घेतला आणि आपल्या आत्मचरित्रात नोंदविला : समक्ष मारली गेलेली एकंदर जनावरे २८,५३२, पैकी स्वहस्ते १७,१६७. हिशेब नीटनेटका आहे, चतुष्पाद व पक्षी वेगळे दाखविले आहेत, बेरीजही जुळते. परंतु बादशहाचा नेम चुकला असे लिहिण्याची छाती कोणत्या मुश्रीफाला झाली असती? सरगुजाचे महाराज रामानुज शरण सिंह देव यांनी १९६५ साली प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांना पत्रातून आपल्या वाघांची संख्या १,१५० अशी, दस्तऐवजात लिहावी तशी आकडी आणि अक्षरी, कळविली. पुढच्या लेखनात हाच आकडा १,७१० पर्यंत चढलेला आढळतो. त्याहून बोलके उदाहरण चित्त्यांचे. १९४७ साली एका रात्री मोटारीच्या उजेडात तीन चित्ते मारले गेले आणि हिंदुस्थानातील चित्त्याची ती जवळजवळ अखेरची नोंद ठरली. हकिगत आणि छायाचित्र मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे आले ते कोरिया संस्थानातून. संपादकांना त्या हत्येची किळस आली, तरी नोंद म्हणून त्यांनी ती नियतकालिकात छापली. छापील पुरावा असा उपलब्ध असूनही ते कृत्य पुढे वारंवार शेजारच्या सरगुजाच्या महाराजांच्या नावावर मांडले गेले, केवळ त्यांची ख्याती मोठी म्हणून! कीर्ती एकदा वाढू लागली, की दुसऱ्यांची पापेदेखील ती आपल्या खात्यात ओढून घेते.

यावर कोणी म्हणेल, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा प्रश्न निकालात निघाला, मग मेलेल्या हरणांच्या इंचांवर आज शाई का खर्चावी? उत्तर असे, की शिकार बंद झाली तरी दावा करण्याची वृत्ती बंद झाली नाही. तिने केवळ विषय बदलला. पूर्वी मारलेल्या वाघांचे आकडे फुगत, पुढे राखलेल्या वाघांचे फुगू लागले. राजस्थानातील सरिस्का अभयारण्यात पावलांच्या ठशांवरून केलेल्या गणनेत २००४ पर्यंत कागदोपत्री डझनाहून अधिक वाघ नांदत होते. २००५ साली शोध घेतला तेव्हा एकही उरलेला नव्हता. ज्या खात्याची अब्रू आकड्यावर अवलंबून, त्याच खात्याचे कर्मचारी ठसे ओळखणार आणि तेच बेरीज करणार, ही व्यवस्था मालकाने स्वतःच्या शिंगाला फीत लावण्याहून वेगळी नव्हती. फरक इतकाच, की येथे 'मालकाने घेतलेले माप' असा प्रामाणिक निर्देशही नव्हता. पुढे स्वयंचलित कॅमेऱ्यांचा आधार घेऊन नव्या पद्धतीने अंदाज केला, तेव्हा देशातील वाघांचा आकडा ३,६४२ वरून १,४११ वर आला. ही सारी घट जंगलातील नसून तिचा बराचसा भाग दप्तरातील होता, असे मानायला जागा आहे.

म्हणून नाशिक जिल्ह्यातही, येवला तालुक्यातल्या ममदापूर-राजापूरच्या माळांवरील काळविटांची संख्या वाढल्याची वार्ता येईल, तेव्हा तिचे स्वागत करण्यापूर्वी जुन्या नोंदवह्यांनी शिकविलेले तीन प्रश्न विचारणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरते : मोजले कोणी, मोठ्या आकड्याने लाभ कोणाचा, आणि तेच माप त्रयस्थाला पुन्हा घेता येईल काय? हे प्रश्न विचारल्याने वनरक्षकाचा अपमान होत नाही. उन्हाळ्यात पाणवठ्यावर रात्र जागून केलेली त्याची खरी मोजणी खोट्या मोजणीपासून वेगळी ओळखता यावी, याला दुसरा उपाय नाही. कारण जेथे कोणताच आकडा तपासला जात नाही, तेथे प्रामाणिक माणसाचा आकडा नेहमी लहान दिसतो, आणि लहान दिसणाऱ्या आकड्याला शिक्षा व मोठ्याला बक्षीस अशी प्रथा पडली, की प्रामाणिकपणा फार काळ टिकत नाही.