सूर अपवित्र असतो काय?

संगीत मनाला देवाकडे नेते की स्वतःतच गुंतवून ठेवते, हा प्रश्न जुना आहे. गीतातील आशयापेक्षा गायनानेच आपले मन अधिक हेलावले, तर तो आपण आपला दोष मानतो, असे संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनात प्रांजळपणे कबूल केले आहे. तरीही उपासनेतील गायन बंद व्हावे, असे काही त्यांना म्हणवले नाही. एवढ्या थोर संताचे मन जेथे द्विधा झाले, तेथे आम्ही मात्र एकदा फार लवकर निर्णय देऊन मोकळे झालो.

महाड-पोलादपूर भागात आपली कुटुंबे मोजकीच. बरीचशी नोकरीधंद्यानिमित्त बाहेरून आलेली. त्यांपैकी एका घरी एक वृद्ध गोवेकर वादक मुलाकडे राहत असत. उमेदीच्या काळात त्यांनी मुंबईच्या हॉटेलांत जॅझ आणि स्टुडिओंत सिनेसंगीत वाजवले होते. पत्नीच्या अंत्यविधीच्या मिस्सात, दोघांच्या आवडीची एका जुन्या इटालियन चित्रपटातील धून ट्रम्पेटवर वाजवण्याची त्यांनी परवानगी मागितली. "बाबा, हे नाइट क्लबातले सूर, वेदीजवळ शोभायचे नाहीत," असे आम्ही म्हणालो. ते शांतपणे उत्तरले, "फादर, मला नोटेशन वाचायला देवळानेच शिकवलं." आणि त्यांनी वाद्य पेटीत ठेवले.

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना पिढ्यानपिढ्या पाश्चात्त्य स्वरलेखन, गायन व व्हायोलिन शिकवले जाई. देवळासाठी घडलेली ही मुले पोटासाठी मुंबईस आली. आल्दोना गावचे आंतोनियो शाविएर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने गाजले, सी. रामचंद्र यांच्याबरोबर त्यांनी काम केले आणि 'अलबेला' (१९५१) मध्ये ते पडद्यावरही दिसले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. सेबास्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचा वाद्यमेळ बांधला. पण श्रेयनामावलीत अशा कारागिरांची नावे क्वचितच झळकली. सिनेमाने त्यांची मजुरी दिली आणि नाव झाकले. आपण त्यांना विद्या दिली आणि पुढे त्यांच्या धंद्याकडे नाक मुरडले.

इटलीतही सुरांची वाट फारशी निराळी नव्हती. पिएरो उमिलियानी यांनी १९५८ साली 'इ सोलिती इन्योती' या चित्रपटास जॅझचे संगीत दिले.  एन्नियो मोरिकोने तरुणपणी रोमच्या नाइट क्लबांत ट्रम्पेट वाजवीत. 'द मिशन' (१९८६) चे संगीतही त्यांचेच. चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने निवडलेल्या ४५ चित्रपटांत 'द मिशन'चा समावेश आहे.

या सुरांची ओढ का वाटावी? जॅझचा वादक लिहिलेली धून सोडून दूर भटकतो आणि पुन्हा तिच्याकडे परततो. त्याचा स्वर मध्येच किंचित वाकतो, जणू बोलता बोलता गळा दाटून यावा. अमेरिकेत गुलाम म्हणून राबवलेल्या कृष्णवर्णीयांच्या वंशजांनी हे संगीत घडवले. त्यांच्या प्रार्थनागीतांचा अंश त्यात आहे. भटकणे, दाटून येणे आणि परतणे, हा श्रद्धावंताचाही अनुभव नव्हे काय?

येथे कोणी म्हणेल, मग मिस्सात सिनेमाची धून वाजू द्यावी काय? तसे आम्हाला म्हणायचे नाही. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेच्या संगीताला मर्यादा घातल्या, त्यामागे कारण आहे. मिस्सा ही सर्वांची प्रार्थना. तेथे एखाद्याच्या खासगी आठवणीला अग्रस्थान देता येत नाही. परंतु एखादी गोष्ट एका जागी अनुचित असणे वेगळे आणि अपवित्र असणे वेगळे. लग्नाचा शालू कोणी कबर खणताना नेसत नाही, म्हणून शालू काही विटाळत नाही. आम्ही नियम पाळला, तो योग्यच होता. पण नियमाच्या आडून एका माणसाच्या आयुष्यभराच्या कष्टांना हीन लेखले, हा आमचा अपराध. "येथे नको, दफनभूमीत माती दिल्यावर वाजवा, आम्हीही थांबून ऐकू," एवढे म्हणणे काही कठीण नव्हते.

पुढे ते गृहस्थही प्रभूघरी गेले. ती धून ऐकायची राहूनच गेली. आपल्यापैकी कोणाच्या घरी असे एखादे वाद्य पेटीत मिटून पडले असेल, तर ते वाजवणारे हात आहेत तोवर ती पेटी उघडायला सांगा, आणि बसून ऐका.