मोडलेली काडी

बेळगावहून निपाणीला येताना बसमध्ये शेजारच्या आजी म्हणाल्या, "आमच्यात घटस्फोट-बिटस्फोट काय न्हाई बघा. धा वर्सं झाली, सून माहेरी असत्या, एवढंच. नातू मात्र कॉलेज सोडून दार लावून बसतोय."

तवंदी घाट उतरला, तरी ते 'एवढंच' डोक्यातून जाईना.

आईबापांच्या घटस्फोटानं मुलं खचतात, हे सगळेच सांगतात. पण घटस्फोट झालाच नाही, त्या घरातला पोरगा कशानं खचला? आपल्याकडे दोन शब्द आहेत : काडीमोड आणि टाकणं. काडीमोडीत पंचांसमोर काडी मोडायची, सगळ्यांना दिसायची. टाकण्याला ना साक्षीदार, ना तारीख. शाहू महाराजांनी 1919 साली करवीर संस्थानात काडीमोडीचा कायदा केला. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात, तिथं हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा 1947 चा. देशभरचा 1955 साली आला. वाट इतकी जुनी, तरी अब्रूपायी लोक टाकणंच पत्करतात.

ज्युडिथ वॉलरस्टाइन यांनी कॅलिफोर्नियात 1971 पासून घटस्फोटितांच्या 131 मुलांचा पंचवीस वर्षं माग ठेवला. हा घाव ऐन तारुण्यात उघडतो, असं त्यांचं म्हणणं. माझं त्यांच्याशी भांडण आहे. सुरुवातीला तुलनेला न मोडलेल्या घरांतली मुलं त्यांनी घेतलीच नव्हती. मेव्हिस हेदरिंग्टन यांनी ती घेतली, तेव्हा गंभीर अडचणी घटस्फोटित घरांत सुमारे 25 टक्के मुलांना आढळल्या, इतर घरांत 10 टक्के. फरक मोठाच, पण चारांतली तिघं सावरली होती. वयाबद्दल मात्र वॉलरस्टाइन यांचं मानावं लागतं. आजींचा नातू विशीतच दाराआड गेला.

तेव्हा 'मोडा, पण टाकू नका' एवढं लिहून थांबणार होतो. पॉल अमाटो यांच्या अभ्यासानं अडवलं. कडाक्याच्या भांडणांच्या घरातली मुलं घटस्फोटानंतर सावरतात. वरून शांत घरातली मात्र कोसळतात. कोर्टाचा कागद दोन्हीकडे तोच. मग मला वाटतं, फरक कारण ठाऊक असण्यात आहे. भांडणं पाहिलेल्या मुलाला ते ठाऊक असतं. ज्याला कुणी काही सांगितलं नाही, तो ते स्वतःत शोधतो : मी नकोसा होतो म्हणून आई गेली का? काडी सगळ्यांदेखत मोडत, त्याचं मोल आता कळतं.

त्या पोराला डॉक्टर हवाच. टेलि-मानस या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांकही आहे. पण त्याआधी आजींनी, नाहीतर बापानं, दाराबाहेर बसून आई का गेली ते सांगावं. तुझ्यामुळं नाही गेली, हेही सांगावं. दहा वर्षं राहून गेलेलं हे बोलणं कुठलंच कोर्ट करून देणार नाही.