न दिसलेले पाप

कीर्तन आटोपल्यावर एका शेतकरी वारकऱ्याने आम्हांस गाठून विचारले, "बुवा, जे पाप डोळ्यांना दिसलंच नाही, तेही माथी बसतं का हो?" दोनचार वचने सांगून आम्ही त्याला वाटेस लावले, पण आमचेच समाधान झाले नाही.

अमेरिकेत मिसिसिपी नावाची महानदी आहे. आयोवा, इलिनॉय प्रांतांतील मक्याच्या शेतांचे पाणी घेऊन ती मेक्सिकोच्या आखातास मिळते. खतांतील नत्र व स्फुरद पिकाने लागेल तेवढे उचलले. उरलेले पाण्याबरोबर वाहून निघाले. नत्र काही विष नव्हे, वनस्पतींचे ते अन्नच. पण किनाऱ्याच्या उथळ पाण्यात ते साठले की सूक्ष्म शेवाळ बेसुमार माजते, मरून तळाशी जाते, आणि ते कुजविताना जंतू पाण्यातला प्राणवायू संपवितात. नदीचे गोडे पाणी हलके, ते वर. खारे जड, ते खाली. उन्हाळ्यात दोन्ही मिसळत नाहीत, म्हणून वरची हवा तळास पोचत नाही. लिटरमागे २ मिलिग्रॅमहून कमी प्राणवायू उरला की मासे पळतात. ज्यांना पळता येत नाही ते जीव गुदमरून मरतात. २०१७ साली असा टापू सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर भरला!

आता दोष कोणाचा? आयोवातला शेतकरी मासे मारायला निघाला नव्हता. समुद्र त्याच्या बांधापासून हजार किलोमीटरांहून दूर. त्याने एकट्याने खत कमी केले तरी समुद्राला पत्ता लागणार नाही. म्हणजे पाप आहे, पण पापी कोणीच नाही! पाठशाळेत गुरुजींनी असले कोडे कधी घातले नव्हते.

उलट प्रकारही ऐका. डॅन्यूब नदीच्या पाण्याने काळ्या समुद्राच्या वायव्य भागाची अशीच दशा झाली होती. १९८९ ते १९९१ या काळात पूर्व युरोपातील राजवटी कोसळल्या, खते परवडेनाशी झाली, आणि तो समुद्र हळूहळू सावरू लागला. कोणी व्रत केले नव्हते, कोणास पुण्य लागले नाही. समुद्र भाव पाहत नाही, कर्म तेवढे पाहतो. भाव पाहणारा वेगळा. आणि त्याच्यापुढे "मला ठाऊक नव्हतं" हे ठाऊक नव्हते तोवरच चालते. आमच्या मते अजाणतेपणी घडले ते पाप नव्हे. कळल्यावर तीच मूठ शेतात टाकली, ते पाप. मग ती मूठ एकट्याची असो की लाखांतली एक.

तो वारकरी आषाढीला पुन्हा भेटेलच. तेव्हा वचने राहू द्यात, आधी विचारणार आहोत, "का रे बाबा, युरियाची गोणी फोडण्याआधी माती तपासून घेतली होतीस का?" रागावला तरी चालेल.