हादऱ्याबरोबर दूर जाताना

बसा. जमत असेल तर जमिनीवर. दोन्ही तळवे खाली टेकवा.

श्वास येऊ द्या. सावकाश जाऊ द्या.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. चार वाजायला काही मिनिटं आहेत. लातूर जिल्ह्यातली किल्लारी. गणपती विसर्जन आटोपून माणसं झोपली आहेत.

गावाखाली, फारसं खोल नाही, खडक तुटतो.

थांबा. इथे घाई नको.

भूकंपाच्या ताकदीचा आकडा एकच, ६.२. हादरा मात्र गावागणिक वेगळा.

किल्लारीत, सास्तूरला जाड दगडमातीच्या भिंती, वर जड माळवद. तिथे हादऱ्याच्या तीव्रतेच्या १२ पायऱ्यांपैकी आठवी-नववी. या परिसरात जवळपास १० हजार माणसं गेली.

त्यांच्यासाठी एक श्वास.

आता लहरीबरोबर निघा. सगळ्या दिशांना, एकाच वेळी.

ती पसरते आहे. तिचं बळ अधिकाधिक खडकात वाटलं जातं. थोडं खडकच जिरवतो. बारीक, झपाझप थरथर आधी विरते. संथ झोका लांबवर जातो.

तो संथ झोका ऐका.

लातूर, सुमारे ४० किलोमीटर. हादरा जोरदार, पण किल्लारीइतका नाही. खडक तुटतो ती जागा, म्हणजे भूकंपनाभी, उथळ असली की जवळ घाव जबर बसतो, आणि दूर जाताना जोर लवकर ओसरतो.

हैदराबाद. पुणे. अजून पुढे.

मुंबई, सुमारे ४०० किलोमीटर. जोराच्या लहरीला इथवर यायला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. एखादी खाट किंचित हलते. कुणाला जाग येते. कुणाला येतही नाही.

दोन मिनिटं. तेवढा वेळ काहीच करू नका. लहर वाटेत आहे.

श्वास येतो. श्वास जातो.

आता काही वर्षं उलटू द्या. २६ जानेवारी २००१ ची सकाळ. हादरा कच्छमध्ये, भुजजवळ. अहमदाबाद २०० किलोमीटरहून दूर, तरी तिथे उंच इमारती कोसळतात.

खाली साबरमतीचा गाळ आहे. मऊ थरात शिरली की लहर मंदावते आणि तिचा झोका वाढतो. इमारत कशी बांधली आहे, यावरही पुष्कळ ठरतं.

अंतर पुष्कळ सांगतं. उरलेलं पायाखालची माती सांगते, आणि भिंत.

तुमच्या घराखाली काय आहे? काळी माती? मुरूम? कातळ?

ठाऊक नसेल तर उठल्यावर घरातल्या थोरल्यांना विचारा, पाया खणताना काय लागलं होतं.