देशकालोच्चार

आईच्या श्राद्धाच्या आदल्या दिवशी सकाळी संगणक लावला, तर खाली उजव्या कोपऱ्यात तारीख होती 1 जानेवारी 2009. खिडकीबाहेर पनवेलची लाइन आळी जागी झाली होती, दूध येऊन गेले होते, आणि यंत्राच्या लेखी मध्यरात्र उलटून चार मिनिटे झाली होती. टोरँटोच्या भावाशी दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल नीट लागेल ना, एवढेच मला बघायचे होते. एकही पान उघडेना. जिथे जावे तिथे एकच इशारा, हे कनेक्शन सुरक्षित नाही.

कारण साधे निघाले. संगणकाच्या पोटात, मदरबोर्डवर, नाण्याएवढी एक बॅटरी असते, सीआर 2032. वीज नसतानाही आतले घड्याळ चालते ते तिच्या जोरावर. आमचा संगणक आठ वर्षांचा, तिची शक्ती संपली, आणि घड्याळ कारखान्यात भरलेल्या तारखेवर जाऊन बसले. आता प्रत्येक संकेतस्थळाजवळ ओळख पटवणारे एक प्रमाणपत्र असते आणि त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. माझे यंत्र 2009 सालात होते. त्याच्या दृष्टीने जगातले एकही प्रमाणपत्र अजून सुरू झालेले नव्हते, म्हणून ते कोणावर विश्वास ठेवायला तयार नव्हते.

2009च्या जानेवारीत आई होती. त्या संक्रांतीला तिने घरी हलवा केला होता. शेगडीवर परात, परातीत तीळ, आणि पळीच्या टोकाने थेंब थेंब पाक सोडत ती बोटांनी ते तीळ फिरवत बसली होती, काटा येईपर्यंत, तीन दिवस थोडे थोडे. बोटांची टोके लाल झाली होती. ती तारीख बदलायला माझा हात लगेच गेला नाही.

भाऊ दोन वर्षांपूर्वी आला होता तेव्हा त्याने हा संगणक माझ्यासाठी लावून दिला. अक्षरे दीडपट मोठी केली, बाण ठळक केला, मराठी कीबोर्ड घातला, रात्री पडदा पिवळसर होईल असे केले. स्वतःच्या नावाने एक खाते ठेवले, ते अॅडमिनिस्ट्रेटरचे. माझे खाते साधे, त्यावर नाव ‘ताई’. माझ्या हातून काही बिघडू नये म्हणून. तेव्हा मला त्यात काही वाटले नव्हते.

त्या सकाळी तारीख-वेळेची जुनी खिडकी उघडली. गोल घड्याळ, शेजारी तारीख, आणि दोन बटणे. वरचे तारीख व वेळ बदलण्याचे, खालचे टाइम झोन बदलण्याचे. वरच्या बटणावर निळ्या-पिवळ्या ढालीचे एक बारीक चित्र होते. खालच्यावर ते नव्हते. खालचे दाबले तर यादी उघडली, मी सहज टोरँटोची वेळ निवडली, आणि घड्याळ एका टिचकीत साडेदहा तास मागे गेले. कोणी अडवले नाही. परत आपल्या जागी आणले. मग वरचे बटण दाबले. यंत्राने अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागितला.

विंडोजमध्ये हे असेच असते, हे मी नंतर नीट विचारून घेतले. साध्या माणसाला टाइम झोन बदलता येतो, वेळ बदलता येत नाही. मी कुठे उभी आहे हे मला सांगता येते. किती वाजले हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. ती ढाल त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

आमचे वडील, अण्णा, पनवेलात भिक्षुकी करीत. कोणतेही कार्य असो, सत्यनारायण असो की वास्तुशांत, आधी संकल्प आणि संकल्पाच्या आरंभी देशकालाचा उच्चार. कोणता कल्प, कोणते मन्वंतर, कोणते युग आणि त्याचा कितवा चरण. कोणते द्वीप, कोणते वर्ष, कोणता देश, कोणत्या नदीचे कोणते तीर. मग शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. मग गोत्र आणि नाव. एवढे सगळे झाल्यावर मी काय करणार ते एका वाक्यात, आणि हातावरून पाणी सोडायचे. यजमानाला घाई असली तरी अण्णा हा भाग कधी गाळत नसत. मला तो ऐकून ऐकून सात-आठव्या वर्षी पाठ झाला होता. म्हणायला मात्र कोणी सांगितले नाही.

त्या वयात मी त्यांना विचारले होते, आपली नदी गाढी, मग तुम्ही गोदावरीच्या दक्षिण तीरी असे का म्हणता? ते म्हणाले, पत्त्यात जिल्हा लिहितात तसे आहे ते. मी म्हटले, पण देवाला पत्ता माहीत नाही का? त्यावर ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, हा पत्ता कोणासाठी आहे ते तू शोध. त्यांना उत्तर माहीत नव्हते असे मला वाटत नाही. नवीन संगणक पहिल्यांदा लावला की तोही हेच विचारतो. देश कोणता, भाषा कोणती, वेळ कुठली, नाव काय. टाइम झोनच्या यादीत चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आहेत. पनवेल नाही. सगळ्या भारताला त्या एका ओळीत बसायचे असते, जसे आम्हाला गोदावरीच्या काठी.

अण्णांना एका माणसाचा फार अभिमान होता, मुरूडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांचा. ‘आपल्या कुलाब्यातला’ म्हणत. 1981 साली जिल्ह्याचे नाव रायगड झाले तरी अण्णांच्या तोंडी कुलाबाच राहिला. गणेश दैवज्ञांनी शके 1442 मध्ये, म्हणजे इ. स. 1520 साली, ‘ग्रहलाघव’ लिहिला आणि पुढे शेकडो वर्षे पंचांगकर्ते त्यावरून गणित करीत आले. ज्या-कोटिज्यांची किचकट कोष्टके त्यांनी बाजूला ठेवली. दिवस मोजत जाण्याच्या जुन्या पद्धतीत, ज्याला अहर्गण म्हणतात, आकडे अवाढव्य होत. त्यांनी 11 वर्षांचे, 4016 दिवसांचे एक चक्र धरले आणि आकडे आटोक्यात आणले. अण्णा हे पाटीवर करून दाखवीत. मी पुढे एका पतपेढीत 34 वर्षे हिशेब लिहिले, त्याचे बीज त्या पाटीवर आहे.

आता कळते की विंडोजही अहर्गणच मोजतो. 1 जानेवारी 1601 हा आरंभ धरून, सेकंदाचा कोटीवा भाग हे एक माप, अशी अखंड मोजणी. युनिक्स नावाची दुसरी परंपरा 1 जानेवारी 1970 पासून सेकंद मोजते. ही मोजणी ना पनवेलची ना टोरँटोची. तिला वार नाही, महिना नाही. आपल्याला दिसते ते तिचे आपल्या जागेवरून केलेले वाचन. तिथीचेही तसेच. चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे गेला की एक तिथी सरते, आणि तो क्षण साऱ्या पृथ्वीला एकच असतो. त्या क्षणी कुठे पहाट असते, कुठे रात्र. महाशिवरात्र आम्ही माघात धरतो, आमच्या समोर राहणारे बनारसकडचे कुटुंब फाल्गुनात धरते. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आमचा अमावास्येला. उपास एकाच रात्री असतो.

घड्याळाचेही काय वेगळे आहे? आपली प्रमाणवेळ 82½ अंश रेखावृत्तावरची. पनवेल 73 अंशांच्या किंचित पुढे. अंशाला चार मिनिटे धरली तर आमच्या डोक्यावर सूर्य यायला घड्याळाच्या मागून सुमारे 37 मिनिटे लागतात. ही प्रमाणवेळ 1906 साली लागू झाली, तरी मुंबई महापालिकेने आपली जुनी वेळ, 39 मिनिटे मागची, 1955 पर्यंत सोडली नव्हती. आई पहाटे 4 वाजून 50 मिनिटांनी गेली. मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख बुधवारची आहे. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून अण्णांच्या वहीत मंगळवार आहे. दोन्ही कागद माझ्याकडे एकाच पिशवीत आहेत आणि दोन्ही खरे आहेत.

तर त्या सकाळी पासवर्डसाठी भावाला फोन केला. त्याच्याकडे रात्रीचे दहा वाजायला आले होते. पासवर्ड सांगताना तो जरा थांबला, मग एकेक अक्षर सांगितले. आईचे माहेरचे नाव होते ते. लग्नात बदललेले, आमच्या घरात कधी कोणी न उच्चारलेले. मी तारीख घातली, वेळ घातली, आणि पाने एकामागून एक उघडू लागली.

तिथी-वारांचे माझे हे विचार त्याला सांगितले, तेव्हा त्याने विचारले, “ताई, हे सगळं जर सेटिंगच असेल, तिथी काय, वार काय, तर मी रविवारी सुट्टीच्या दिवशी केलं म्हणून काय बिघडलं? आईला कळणार आहे का?”

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. नोकरीच्या गावी, परक्या देशात राहणारा प्रत्येक मुलगा तो मनात विचारतो आणि घरच्यांपुढे बोलत नाही. माझे म्हणणे मी त्याला सांगितले तसे इथे सांगते. कोणत्या काठावरून बघायचे हे माणसाला दिलेले आहे, आणि त्यात कमी-जास्त काही नाही. बनारसचा फाल्गुन आमच्या माघाइतकाच पवित्र. पण खालचे बटण आपले आहे म्हणून वरचेही आपले होत नाही. गीतेच्या अकराव्या अध्यायात भगवंत स्वतःला काळ म्हणवतात. मी ते अक्षरशः मानते. त्या काळाला आपल्या रविवारी बोलावता येत नाही, आपण त्याच्या दिवशी हजर व्हायचे असते. सकाळपासून माझे यंत्र 2009 धरून बसले होते. ते बिघडले नव्हते, घड्याळ टिकटिकत होते, मिनिटामागून मिनिट बरोबर पडत होते. तरी त्याला कोणाशी बोलता येत नव्हते, कारण ज्या क्षणात सगळे होते त्यात ते नव्हते. श्राद्ध म्हणजे कोणाशी तरी बोलणेच ना?

आणि आईला कळते का, याचे उत्तर माझ्याकडे नाही. पण अण्णांनी मला शोधायला सांगितलेला पत्ता कोणासाठी असतो, ते मला त्या ढालीपाशी कळले. पाणी सोडण्याआधी माणूस कबूल करतो की मी इथे आहे, या नदीच्या या बाजूला, या दिवशी, या नावाने, आणि हा दिवस मी आणलेला नाही. एवढे कबूल केल्याशिवाय मागणे मागू नये, असे ज्यांनी ठरवले त्यांच्यापुढे मी हात जोडते.

भाऊ काही बोलला नाही. मग म्हणाला, “तुमच्याकडच्या वेळेला मी पहाटे तीनला उठून बसतो.” मी त्याला तसे करू दिले नाही. श्राद्धाला अपराह्णकाळची तिथी घेतात. या वर्षी ती आमच्याकडे सकाळी लागून दुसऱ्या सकाळपर्यंत होती, म्हणजे टोरँटोच्या दुपारीही तीच. “तू तुझ्या सूर्याने कर,” म्हटले. “सुट्टी टाक अर्ध्या दिवसाची.”

“तिथं गोदावरी म्हणू का?”

तिकडचे कितीतरी गुरुजी द्वीपाच्या जागी क्रौंचद्वीप म्हणतात हे त्याला ठाऊक होते, काठाचे त्याला सुचत नव्हते. मी विचारले, तुझ्या नळाला पाणी कुठले येते? ऑन्टारिओ सरोवराचे, तो म्हणाला. मग त्याचे नाव घे.

आणि पनवेलला? त्याच्या गैरहजेरीत गुरुजी शेजारच्या चुलतभावाला बसवतील असे मी धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी गुरुजी आले, तरुण आहेत, अण्णांच्या हाताखाली शिकलेल्यांचे शिष्य. पाट मांडले, दर्भ काढले, आणि म्हणाले, “ताई, तुम्हाला येतं ना सगळं? मग तुम्हीच बसा.” मी एवढेच विचारले, चालते का? ते म्हणाले, मी बसवतोय.

दुपारी पावणेदोनला मी बसले. टपाल नाक्यावरून आणलेली 40 रुपयांची नवी बॅटरी सकाळीच मेकॅनिकने बसवून दिली होती. संगणकावर आता खाली दोन घड्याळे लावली आहेत, तारीख-वेळेची ती खिडकी तशी सोय देते. एक माझे, एक टोरँटोचे. तिथे पहाटेचे सव्वातीन वाजले होते, भाऊ झोपला होता. गुरुजी सांगतील त्याच्या अर्धा शब्द आधी माझ्या तोंडून शब्द येत होता. कल्प, मन्वंतर, युग, द्वीप. गोदावरीच्या दक्षिण तीरी. तिथे मी थांबले. पळीत घरच्या नळाचे पाणी होते, देहरंगच्या धरणातले, गाढीचे. मी गाढीचे नाव घेतले. गुरुजींनी मान वर करून पाहिले, आणि पुढे शक सांगितला.