तुपाशी अडलेलं गाडं

ब्रिटनमधल्या मराठी घरात हा प्रश्न बहुधा ख्रिसमसच्या सुट्टीत दाखल होतो. मँचेस्टरला नाहीतर ब्रिस्टलला शिकायला गेलेली मुलगी घरी येते, बॅग टाकते आणि जाहीर करते, की मी आता व्हीगन आहे. आई म्हणते, ‘बरं झालं बाई, ते चिकन सुटलं एकदाचं.’ पुण्याहून आलेल्या आजीला तर यात नवीन काहीच दिसत नाही. तिने जन्मात अंडं शिवलेलं नाही. मग पानं घेतली जातात, आजी सवयीने वरणभातावर तुपाची धार धरते, मुलगी ताट मागे ओढते, आणि घरातल्या सगळ्यांत सोवळ्या बाईला पहिल्यांदाच कळतं, की या नव्या हिशेबात आपली गणती चिकनवाल्यांतच झाली आहे.

या वादात मला रस आहे तो एवढ्यासाठी, की त्यात आपल्या शाकाहाराचं खरं रूप उघडं पडतं. आपण समजतो, की आपला शाकाहार प्राण्यांविषयीच्या दयेतून आला. थोडाफार आला असेलही. पण त्याचा मोठा भाग सोवळ्याचा, म्हणजे कुणाच्या हातचं आणि कुणाच्या पंगतीला, याचा होता. प्राण्याचा विचारच केंद्रस्थानी असता, तर गोठ्यातल्या वासराचं काय झालं हे कुणीतरी विचारलं असतं. आपल्या पूजेतलं पंचामृत घ्या: दूध, दही, तूप, मध, साखर. पाचातले चार पदार्थ प्राण्यांकडून घेतलेले.

इंग्रजांचं गाडंही याच ठिकाणी अडलं होतं. इथली व्हेजिटेरियन सोसायटी 1847 साली रॅम्सगेट इथे स्थापन झाली. 1888 मध्ये बॅरिस्टर व्हायला आलेल्या मोहनदास गांधींना फॅरिंग्डन स्ट्रीटवरच्या शाकाहारी खाणावळीत पोटभर जेवण मिळालं आणि हेन्री सॉल्टचं शाकाहारावरचं पुस्तकही. आईला दिलेल्या शब्दाखातर शाकाहारी राहिलेला मुलगा इथे मताने शाकाहारी झाला. पण दुधाचं काय, हा प्रश्न त्यांचा पिच्छा सोडेना. 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडलं. पुढे दुखणं विकोपाला गेलं तेव्हा कस्तुरबांनी वाट काढली, की व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं होतं, शेळीच्या नव्हे. गांधीजी शेळीचं दूध प्यायला लागले, आणि ही सल त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवली. व्रताचं अक्षर पाळलं, आत्मा गेला, असं त्यांना वाटत राहिलं. मला या प्रसंगात कस्तुरबांचं व्यवहारज्ञान अधिक आवडतं, हे सांगून टाकतो.

नोव्हेंबर 1944 मध्ये लेस्टरमध्ये राहणाऱ्या डोनाल्ड वॉटसन या सुतारकाम शिकवणाऱ्या शिक्षकाने मूठभर मंडळींना घेऊन व्हीगन सोसायटी काढली, तीही दुधावरूनच. दूध-अंडी न खाणाऱ्यांसाठी व्हेजिटेरियन सोसायटीच्या मासिकात वेगळी जागा द्यायला जुन्या मंडळींनी नकार दिला होता. युद्धाचे दिवस, रेशनिंग कडक. शाकाहारी म्हणून नाव नोंदवलं, की मांसाच्या रेशनऐवजी जास्तीचं चीज मिळे. मांस गेलं की चीज ही अदलाबदल इंग्लंडच्या अंगात तेव्हापासून मुरलेली आहे, आणि लग्नाच्या मेनूत भाजी म्हणजे पनीर हे समीकरण मांडणाऱ्या आपल्याला त्यावर हसण्याचा अधिकार नाही. ज्या लेस्टरमधून वॉटसनचं चार पानी वार्तापत्र निघालं, त्याच लेस्टरमध्ये 1972 नंतर युगांडातून हाकललेले गुजराती आले आणि बेलग्रेव्ह रोडवर मिठाईची दुकानं थाटली. वॉटसन 2005 पर्यंत जगला. आपल्या जुन्या गावात एवढं तूप जिरतं आहे, हे त्याच्या कानावर गेलं होतं का कोण जाणे.

दुधाविरुद्धचा व्हीगन मंडळींचा युक्तिवाद ब्रिटनमध्ये तरी बिनतोड आहे. गाय दूध देत राहावी म्हणून तिला साधारण दरवर्षी वासरू व्हावं लागतं, ते लवकरच तिच्यापासून दूर केलं जातं, आणि गोऱ्हा दुधाच्या धंद्याला निरुपयोगी. इथल्या बीफचा मोठा हिस्सा दुधाच्या कळपांतूनच येतो. म्हणजे वेम्ब्लीतला चहा पिणारा शाकाहारी माणूस बीफच्या धंद्याला हातभार लावतो, त्याला ते मान्य असो वा नसो. महाराष्ट्रात 2015 पासून बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, पण म्हैस त्या कायद्याबाहेर; आणि आपल्या चहातलं दूध बऱ्याचदा म्हशीचंच असतं. कायद्याने प्रश्न सुटला नाही, गाईवरून म्हशीवर ढकलला गेला. वॉटफर्डजवळच्या भक्तिवेदान्त मॅनर या कृष्णमंदिरात गाई मरेपर्यंत सांभाळतात; गाय आणि तिचं वासरू आयुष्यभर पोसून काढलेलं दूध किती थोडं आणि किती महाग पडतं, हे तिथे गेल्यावर समजतं. मराठी मंडळींनी सहल म्हणून नव्हे, हिशेब म्हणून एकदा जाऊन यावं.

आता स्वयंपाकघराकडे. दूध-तूप बाजूला केलं तर मराठी जेवणात उरतं काय? जवळपास सगळं. पिठलं, झुणका, मटकीची उसळ, बिरडं, भरली वांगी, भरीत, थालीपीठ, भाकरी, कटाची आमटी, सोलकढी, अळूवडी, शेंगदाण्याची, तिळाची, कारळ्याची, जवसाची चटणी. दाण्याची आमटी आणि वरईचे तांदूळ हा उपासाचा जोड तेलाच्या फोडणीवर तसाच्या तसा चालतो. दिवाळीचा फराळ मधोमध दुभंगतो: चिवडा, शेव, चकली, कडबोळी अलीकडे, लाडू, करंजी, शंकरपाळी पलीकडे. गंमत अशी, की ब्रिटनच्या सरकारनेही जवळपास हीच रेघ ओढून ठेवली आहे. भारतातून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि दुधाचे पदार्थ सामानात आणायला मनाई आहे. साजूक तुपाची बरणी आणि पेढे विमानतळावर अडतात, चिवडा सुटतो.

पण हे अन्न कुणाचं होतं, तेही बोललं पाहिजे. कांदा-भाकरी-चटणी हे ज्यांच्याकडे दुभतं जनावर नव्हतं किंवा असलं तरी दूध विकावं लागे, त्यांचं जेवण. तूप हे जमिनीचं, गोठ्याचं आणि जातीचं लक्षण होतं. महाराष्ट्रातली बहुसंख्य माणसं मांस-मासे खाणारी. तरी कित्येकांच्या घरी ते सणावारीच शिजे, आणि एरवीचं रोजचं ताट निव्वळ वनस्पतीचं असे. नाइलाजाने. त्याला आज ‘आमचे पूर्वज व्हीगनच होते’ म्हणून मिरवणं मला बरं वाटत नाही. आवडीने सोडणं आणि मिळालंच नाही म्हणून न खाणं, यात मोठं अंतर आहे. फक्त त्या नाइलाजातून जी कारागिरी जन्मली, मूठभर डाळीच्या पिठात घर जेवू घालायची, ती आपली आहे आणि जगात कुठेही चालते. हाउन्स्लोमध्ये 2010 साली मुंबईच्या दोन मित्रांनी श्रीकृष्ण वडापाव सुरू केलं. बटाटा, बेसन, तेल आणि लसणाची चटणी: पावाला लोणी फासलं नाही, तर वड्यात प्राण्याचं काही नाही. 2019 च्या जानेवारीत ग्रेग्ज या बेकरीने व्हीगन सॉसेज रोल आणला तेव्हा देशभर चर्चा झाली. वड्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, कारण तो दुसऱ्या कशाची नक्कल करत नव्हता.

खरी परीक्षा चहाची. सोया दूध उकळत्या चहात फुटतं, आलं असेल तर हमखास. ओटचं दूध फुटत नाही, पण साधं घेतलं आणि आपल्या पद्धतीने खळाखळा उकळलं तर बुळबुळीत होतं, शेवटी ते पिठाचंच पाणी. शिवाय ते बनवताना विकराने ओटमधल्या पिठाची साखर केलेली असते, त्यामुळे नेहमीइतकी साखर घातली की चहा अतिगोड. जमतं ते असं: पाण्यात आलं, वेलची आणि चहा पावडर दणकून उकळायची, आपण घालतो त्यापेक्षा अर्धा चमचा जास्त, साखर निम्मी, कॉफीसाठी मिळतं ते ‘बरिस्टा’ लिहिलेलं ओटचं दूध वेगळं गरम करून शेवटी ओतायचं आणि लगेच गाळायचं. त्या दुधात रेपसीडचं तेल आणि आम्लता आवरणारा क्षार असतो, म्हणून ते तग धरतं. अमृततुल्य नाही, पण दुसरा कप मागावासा वाटतो. दह्याचं मात्र जमलेलं नाही. विकतचं सोयाचं दही कोशिंबिरीत खपून जातं, कढीत उघडं पडतं. कढीची हौस असलेल्याने सोलकढीकडे वळावं.

इथल्या मातीतलं कडधान्य हा मात्र मला लागलेला खरा शोध. लँकेशायरमध्ये 5 नोव्हेंबरच्या बॉनफायर नाइटला, म्हणजे आपल्या दिवाळीच्या आगेमागे, काळे वाटाणे खातात. तपकिरी सालीचे सुके वाटाणे रात्रभर भिजवायचे, मऊ होईपर्यंत उकडायचे, मीठ-व्हिनेगर घालून कपातून गरम गरम चमच्याने खायचे. फोडणी विसरलेली उसळच ती. हेच वाटाणे आणून त्यांना कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि काळा मसाला लावला, की साल दाताखाली राहते, आतला गर लोण्यासारखा होतो, आणि व्हिनेगरचं काम चिंच जास्त चांगलं करते. इंग्लंडच्या पूर्वेकडचे शेतकरी फावा बीन्स पिकवतात. जमिनीला नत्र देणारं पीक म्हणून लावतात आणि बराचसा माल जनावरांच्या खाद्यात नाहीतर इजिप्तला धाडतात. 2012 मध्ये सुरू झालेल्या हॉडमेडॉड्स या छोट्या कंपनीने हे धान्य इथल्याच लोकांना विकायला घेतलं. त्याच्या सोललेल्या डाळीचं वरण चांगलं होतं. मातकट वास येतो, हिंग-लसूण सढळ लागतो. तूर हजारो मैलांवरून येते. इंग्रज शेतकऱ्याची डाळ इंग्रजाला खाता येत नाही, आपल्याला येते.

अडचण शाळेच्या डब्याची. इथल्या पुष्कळ शाळांत शेंगदाणा आणायला मनाई असते, आणि ते रास्त आहे. साधारण पन्नासात एका मुलाला त्याची अ‍ॅलर्जी असते. पण मराठी स्वयंपाकातून दूधही काढलं आणि दाण्याचं कूटही काढलं, तर साबुदाण्याची खिचडी, भरली वांगी, काकडीची कोशिंबीर सगळ्यांचाच कणा मोडतो. भाजलेल्या सूर्यफुलाच्या बियांचं कूट बऱ्यापैकी साथ देतं, मात्र रंग करडा येतो. मुलं नाक मुरडतात, मग खातात.

मंडळांच्या कार्यक्रमांना जमणाऱ्यांना एक विनंती. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 चं, आणि आता गावोगावी मंडळं आहेत. पंगतीत ‘व्हीगनसाठी वेगळं’ करू नका, त्या वेगळ्या टेबलावर बसलेल्या मुलाला आपण वाळीत टाकल्यासारखंच वाटतं. फोडण्या तेलाच्या द्या, तूप-दही वाट्यांत बाजूला ठेवा. जानेवारी 2020 मध्ये नॉर्विचच्या कामगार न्यायाधिकरणाने नैतिक भूमिकेतून आलेल्या व्हीगन श्रद्धेला 2010 च्या समता कायद्याचं संरक्षण दिलं. पंगतीला कायद्याची गरज पडू नये.

आता औषधाचं. लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर 1928 मध्ये मुंबईला आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना पंडुरोग का होतो, हे तिला शोधायचं होतं. तो बरा झाला मार्माइटने, बिअरच्या यीस्टपासून बर्टनमध्ये बनणाऱ्या त्या खारट काळ्या लेपाने; 1931 मध्ये तिने ते प्रसिद्ध केलं आणि त्यातूनच पुढे फोलेटचा शोध लागला. आज ब्रिटनमधले व्हीगन टोस्टवर मार्माइट फासतात ते दुसऱ्या कारणासाठी: त्यात बी-12 जीवनसत्त्व वरून मिसळलेलं असतं. हे जीवनसत्त्व वनस्पतीत भरवशाने मिळत नाही. ते 1948 मध्ये वेगळं काढण्यात आलं, अमेरिकेत आणि लंडनजवळच्या ग्रीनफर्डमध्ये ग्लॅक्सोच्या प्रयोगशाळेत. वॉटसनने सोसायटी काढली तेव्हा ते कुणाला ठाऊकच नव्हतं, आणि सुरुवातीच्या काही व्हीगन मंडळींना त्याची किंमत मोजावी लागली.

दूध पितो म्हणजे आपण सुटलो, असं मात्र नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश लोकांत बी-12 कमी निघालं. ही दूध-तुपाच्या मुलखातली माणसं. आयोडीनची गोष्ट उलटी: भारतात खाण्याच्या मिठात ते असतंच, ब्रिटनमध्ये साध्या मिठात बहुधा नसतं. इथे ते लोकांना मुख्यतः दुधातून मिळतं, कारण गाईंच्या खाद्यात ते मिसळतात. दूध सोडलेल्या तरुण मुलीने, विशेषतः मूल होण्याआधी, हे ध्यानात ठेवायला हवं. कणकेच्या पिशवीवरही नजर टाका: ब्रिटनच्या कायद्याने संपूर्ण गव्हाचं सोडून बाकी पिठात कॅल्शियम आणि लोह घालावं लागतं, म्हणजे ‘मीडियम’ आट्यात ते असतं, चोकरासकट आट्यात नसतं. ड जीवनसत्त्वाची 10 मायक्रोग्रॅमची गोळी सावळ्या कातडीच्या माणसांनी इथे बाराही महिने घ्यावी, असं एनएचएसचं सांगणं आहे. पण डी-3 च्या पुष्कळ गोळ्या मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनतात, तेव्हा व्हीगन माणसाने डबीवर ‘लायकेन’ शब्द शोधावा.

जीपीकडे जाणं झालं, तर थकवा किंवा हातापायाला मुंग्या येत असल्याचं अंगावर न काढता सांगा, आपण काय खातो तेही सांगा आणि बी-12 ची तपासणी मागा. घरात व्हीगन कुणी असो वा नसो.